परत द्यायच्या मुली

४ जानेवारी, रविवार

झाले एकदाची दाखल आईच्या गाइड पथकात! अकरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, आणि आमच्याकडे वशिला चालत नाही — वशिला घरातच असून! गेली तीन वर्षं दर रविवारी आई निळा शर्ट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून निघून जायची आणि मी बाबांबरोबर घरी. बाबा फ्रीज दुरुस्त करतात. रविवारीसुद्धा कुणाचा तरी फ्रीज खोलून ठेवलेला असतो आणि मी पाने-पक्कड हातात धरून बसलेली. संध्याकाळी आई यायची ती उन्हानं लाल होऊन, आवाज बसवून. मग पथकाचे फोटो बघायचे. फोटोत आई हसत असते. सगळे दात दाखवून हसत असते, दुसऱ्यांच्या मुलींबरोबर. घरी ती अशी हसत नाही. घरी ती दमलेली असते. सोमवार ते शनिवार चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि संध्याकाळी म्हणते, "आता मला काही दाखवू नकोस गं, डोळे शिणलेत."

म्हणून मला जायचं होतं. तंबू, दोर, डोंगर — ते असू दे. मला रविवारची आई हवी होती.

निघताना दारातच तिनं थांबवलं. म्हणाली, "हे बघ, मैदानाच्या फाटकाच्या आत मी ताई. तुझीसुद्धा ताई. आई म्हणायचं नाही, लाडीगोडी नाही, तक्रार नाही. स्वतःच्या मुलीला झुकतं माप देते, असं कुणी म्हणायला नको." मी मान हलवली. मला वाटलं, गंमत आहे.

गंमत नाहीये. दिवसभरात ताई माझ्याशी दोनदा बोलल्या. एकदा, "रांगेत उभी राहा." आणि एकदा, "तू नव्हे, तुझ्या मागची."

५ जानेवारी

विचारलं, काल मी कशी वाटले? आई म्हणाली, "पथकातलं पथकात." आणि कांदा चिरायला घेतला.

११ जानेवारी, रविवार

आज गाठी. मला सगळ्या येतात. आईनंच पडद्याच्या दोरीवर शिकवल्यात, मी पहिलीत असताना. सगळ्यांच्या आधी बांधून हात वर केला. ताई बघेनात. हात दुखायला लागला तेव्हा म्हणाल्या, "ज्यांना येतंय त्यांनी हात खाली घ्या, बाकीच्यांना शिकू द्या." मग वकिलांच्या मुलीनं कशीबशी एक गाठ मारली — ओढली की सुटणारी! — तर तिला शाब्बासकी. पाठीवर थाप! मी माझी गाठ सोडून टाकली.

इथली मोजणी मात्र बघण्यासारखी असते. निघताना सगळ्या रांगेत उभ्या राहतात. ताई आकडे मोजत नाहीत. एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत पुढं जातात आणि पुटपुटतात — बेकरीवाल्यांची, वकिलांची, नर्सबाईंच्या दोघी, रंगाऱ्याची, बँकवाल्यांची... आकड्यात गफलत होते, चेहऱ्यात होत नाही म्हणे. हे मला छत्रीताईंनी सांगितलं. त्या मदतीला येतात. ऊन असो नसो, छत्री उघडीच! त्यामुळे इथं मुलीही एकमेकींना तशाच हाका मारतात. "ए बेकरीवाल्यांची, पाणी दे."

मी रांगेत शेवटी होते. ताई माझ्यापर्यंत आल्या आणि वळल्या. मी खांदा जरा पुढं केला होता. उगाचच.

बेकरीवाल्यांची गोल, बडबडी आणि कायम भुकेली आहे. तिनं विचारलं, "तू कुणाची गं? चष्मेवाल्यांची की फ्रीजवाल्यांची?"

"ताईंची," मी म्हटलं.

ती फिदीफिदी हसली. "ताई तर सगळ्यांच्याच आहेत!"

१८ जानेवारी, रविवार

नव्या मुलींचा वचनाचा दिवस. या पथकात पद्धत अशी की आईनं मुलीचा हात धरून पुढं यायचं, तो ताईंच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "ही माझी, तुमच्याकडे सोपवते." ताई म्हणतात, "जशी दिली तशी परत देईन." मग स्कार्फ बांधतात. रंगाऱ्याच्या बायकोला तर बोलताना हुंदकाच आला.

माझी पाळी आली आणि सगळे थबकले. मला कोण सोपवणार? बाबा येतो म्हणाले होते, पण कुणाच्या तरी फ्रीजमधली औषधं खराब व्हायला लागली होती, ते गेले तिकडे. मला वाटलं, आता ताई हसतील, एक पाऊल पुढं येतील, स्वतःच माझा हात धरतील. दोन सेकंद तरी आई होतील.

"छत्रीताई, तुम्ही उभ्या राहा हिच्याकडून," ताई म्हणाल्या.

छत्रीताईंनी छत्री काखेत धरली, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ही माझी, तुमच्याकडे सोपवते." आणि माझ्या आईनं मला छत्रीताईंकडून घेतलं! "जशी दिली तशी परत देईन," असंही म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्कार्फ एवढा आवळून बांधला की घरी येईपर्यंत खाजत होता.

२० जानेवारी

बुटानं टाच सोलली होती. आई संध्याकाळी खुर्ची ओढून बसली, माझा पाय मांडीवर घेतला, मलम लावलं, वर फुंकर घातली. म्हणाली, "रविवारीच का नाही सांगितलंस?"

रविवारी कुणाला सांगणार होते?

पण फुंकर छान होती. हे लिहून ठेवते, नाहीतर या वहीला वाटेल मी नुसती कुरकुरते.

२५ जानेवारी, रविवार

पहिली सहल. टेकडीच्या पायथ्याशी. चूल मी पेटवली. पातेली मी घासली. दोर मी गुंडाळले. ताईंना काही काम निघालं की त्या रांगेवरून नजर फिरवतात आणि माझ्यावर थांबतात. दुसऱ्यांच्या मुलींना किती सांगणार! पाय मुरगळला तर त्यांच्या घरी उत्तर द्यावं लागेल. मी काय, घरचीच.

निघताना ताई नेहमी शेवटच्या. चुलीतल्या राखेत हात घालून चाचपतात. ऊब लागली तर अजून पाणी. राख गार झाल्याशिवाय जागा सोडत नाहीत. राखेची किती काळजी!

१ फेब्रुवारी, रविवार

जोड्या पाडल्या. जोडीनं चालायचं, जोडीनं बसायचं, एकमेकीवर लक्ष ठेवायचं. मुली विषम निघाल्या. उरले मी. छत्रीताई म्हणाल्या, "हिची जोडी ताईंबरोबर."

मी एवढी खूश झाले की चेहरा लपवायला बुटाची नाडी बांधत बसले. जोडी! गाडीत ताईंच्या शेजारी, अगदी पुढं!

पुढच्या सीटवर प्रथमोपचाराची पेटी होती. पेटीवर पातेली होती. "सामान सांडेल," ताई म्हणाल्या, "तू मागं बस." मागं जास्तीच्या टायरवर बसले.

८ फेब्रुवारी, रविवार

आज लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी

लिहितेच. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

काल सहल ओढ्यावर होती. तंबू कसा ठोकायचा ते शिकवलं. खिचडी केली, थोडी लागली, तरी सगळ्या बोटं चाटत होत्या. निघायची वेळ झाली तेव्हा ताई चुलीपाशी होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा गं, ओढ्यावरून बादली भरून आण. राख विझवायचीय."

ओढ्याला पाणी कमी. बादली बुडत नाही. खाली उतरून खडकातल्या डबक्यातून मगानं भरावी लागते. पाण्याचा खळखळाट एवढा की वरचं काही ऐकू येत नाही. बादली घेऊन वर आले तर गाडी नाही.

आधी वाटलं, लपल्यात. बेकरीवाल्यांचीला असले चाळे सुचतात. मी म्हटलं, "पुरे आता!" कुणी हसलं नाही. चूल बघितली. राख ओली होती. कुणीतरी बाटल्यांतलं उरलेलं पाणी ओतलं होतं. माझं पाणी लागलंच नव्हतं. तरी मी बादली ओतली. सांगितलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, हा पण नियमच.

मग पुढचा नियम. चुकलात तर जागा सोडायची नाही. जवळचं झाड धरून बसायचं. तीनदा शिट्टी, थांबायचं, पुन्हा तीनदा. सगळं केलं. गळा सुकेपर्यंत केलं. पण मी चुकले नव्हते! मला पाठवलं होतं तिथंच मी होते. चुकलेल्यांसाठी नियम आहे, विसरलेल्यांसाठी कुठं आहे?

एक लाकडं वाहणारा माणूस गेला. त्यानं विचारलं, "कुणाची गं तू?" आणि मला रडायला आलं. तोपर्यंत आलं नव्हतं. तो बिचारा घाबरला. मोळी उतरवून दूरच्या दगडावर बसून राहिला, गाडी येईपर्यंत.

गाडी पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. तिथं बेकरीवाल्यांचीला जाग आली आणि तिला माझ्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या आठवल्या. मागं टायरवर बघते तर मी नाही! म्हणजे गोळ्यांमुळे माझी आठवण झाली. गोळ्या सकाळीच संपल्या असत्या तर?

ताई पहिल्या उतरल्या. पळाल्या नाहीत. चालत आल्या. पुढाऱ्यानं पळायचं नाही, बाकीच्या घाबरतात. माझे हात बघितले, गुडघे बघितले, डोळ्यांत बघितलं, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतात तसं. "लागलं नाहीये. नियम पाळलास. शाब्बास." मग गाडीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "हरवल्यावर कसं वागायचं ते हिच्याकडून शिका."

हरवल्यावर!

पुन्हा मोजणी झाली. पुन्हा प्रत्येकीच्या खांद्यावर हात. या वेळी माझ्याही खांद्यावर ठेवला. पुटपुटल्या मात्र काही नाहीत. मी खांदा काढून घेतला.

१० फेब्रुवारी

बाबांना छत्रीताईंकडून कळलं. स्वयंपाकघरात बाबांचा आवाज — "अगं, पोटची पोर विसरलीस? पातेली आणलीस ना सगळी? झाकणांसकट?" आईनं नळ मोठा सोडला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पालकांची सभा. आईनं स्वतःच बोलावली. मी पाण्याचे पेले फिरवत होते — अर्थात मीच!

ताई उभ्या राहिल्या. काही लपवलं नाही. मोजणी चुकली, एक मुलगी मागं राहिली, चूक सर्वस्वी माझी, असं सरळ सांगितलं. मग म्हणाल्या, "नशीब एवढंच की माझीच होती. तुमच्यापैकी कुणाची असती तर मी तोंड दाखवू शकले नसते."

आणि खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला! मला दिसलं ते. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी रुमालानं कपाळ पुसलं. वकील उठले आणि म्हणाले, "आधी आमच्या मुली, मग स्वतःची! अशी ताई शोधून सापडायची नाही." टाळ्या. टाळ्या वाजवल्या लोकांनी! मला विसरल्याबद्दल! मी हातात ट्रे धरून उभी होते, नाहीतर मीही वाजवल्या असत्या.

फक्त नर्सबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी पेला घेतला आणि हळूच विचारलं, "तू ठीक आहेस ना गं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणतात?

नशीब, माझीच होती. नशीब, माझीच होती. हे वाक्य कानातून जातच नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

पथकाला सुट्टी. जेवताना म्हटलं, "ताई, जरा भात वाढता का?"

बाबा हसले. आईनं वाढला.

१६ फेब्रुवारी

"ताई, माझा डबा झाला का?" "ताई, वेणी घालता?" "ताई, मी दार लावून घेते, तुम्ही निघा." बाबा आता हसत नाहीत.

१७ फेब्रुवारी

आई म्हणाली, "बास झालं हं."

मी म्हटलं, "हो ताई."

१९ फेब्रुवारी

आई दुकानातून लवकर आली. चप्पलही काढली नाही, माझ्या पलंगावर येऊन बसली. मी अभ्यास करत असल्याचं दाखवत होते.

म्हणाली, "मी मोजते कशी, ते तुला माहितेय?"

मी वहीत रेघ ओढली.

"मला मुली दिसतच नाहीत मोजताना. त्यांच्या आया दिसतात. फाटकापाशी उभ्या. ही हिला परत द्यायची, ती तिला परत द्यायची. बेकरीवाल्यांच्या हातात, नर्सबाईंच्या हातात, एकेक करून देत जाते मी मनात. सगळ्यांचे हात भरले की मोजणी संपली." मग वाकून चप्पल काढली. "तुला कुणाला परत द्यायचं नव्हतं गं. फाटकापाशी तुझ्यासाठी कुणी उभंच नव्हतं. मीच ती, आणि मी तर आत होते."

मला कळलं. सगळं कळलं. आणि कळूनसुद्धा राग गेला नाही, उलट वाढला. चुकून विसरली असती तर बरं होतं. हिच्या मोजणीत मला जागाच नव्हती! पहिल्या रविवारपासून नव्हती! मी खांदा पुढं करत होते, मूर्खासारखी.

"पथक सोडायचंय का तुला?" तिनं विचारलं.

"नाही, ताई."

ती उठली. दारात म्हणाली, "एकदा तरी आई म्हण." रागावून नाही म्हणाली. मी पुस्तकाचं पान उलटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मैदानातच पथक. नवा नियम झालाय — मोजणी एका मुलीनं करायची आणि ताईंना सांगायची. आज वकिलांचीनं केली. तोरा काय विचारता! गाडीवाले काका तर आता गाडी उभी असली तरी विचारतात, "कुणाची राहिली नाही ना?" सगळ्या हसतात, माझ्याकडे बघून. काका बिचारे मनापासून विचारतात.

ताईंनी आज दोनदा माझ्याकडे बघितलं. मी दोनदा नाडी बांधली.

२६ फेब्रुवारी

आई म्हणाली, "येत्या रविवारी पुन्हा ओढ्यावर जायचंय. मोजणी तू कर."

केवढे उपकार! जिला मोजलं नाही तिलाच मोजायला लावायचं, म्हणजे हिशोब मिटला, असं वाटत असेल तिला. बाबा म्हणाले, "बघ, आई समेट करतेय." मी म्हटलं, ताई करतायत, आई नाही. बाबांनी पाना टेबलावर आपटला आणि बाहेर गेले. बाबांनी पाना आपटलेला मी पहिल्यांदाच बघितला.

२८ फेब्रुवारी

बॅग भरली. आईनं न विचारता माझ्या बुटात टाचेपाशी कापूस ठेवला. मी काढून टाकला. मग परत ठेवला. टाच अजून दुखते म्हणून.

१ मार्च, रविवार

आज मोजणी माझी. खांद्यांवर हात ठेवत गेले. बेकरीवाल्यांची, वकिलांची, नर्सबाईंच्या दोघी, रंगाऱ्याची, बँकवाल्यांची... एकही चुकली नाही. छत्रीताई खिडकीपाशी छत्री मिटून डुलक्या घेत होत्या. पुढच्या सीटवर पेटी आणि पातेली, एवढी रचलेली की काकांना पलीकडची ताईंची जागा दिसत नव्हती. काकांनी विचारलं, "कुणाची राहिली नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

गाडी सुटली. ताई चुलीपाशी राखेत हात घालून बसल्या होत्या. मला दिसत होत्या.

मी मागच्या काचेतून बघत राहिले. त्या उभ्या राहिल्या. गाडी बघितली. हाक मारली नाही. पळाल्या नाहीत. शिट्टी गळ्यात होती, तिला हातही लावला नाही. ओढ्याकडच्या त्या झाडापाशी गेल्या, माझ्या झाडापाशी, आणि झाड धरून खाली बसल्या.

वळण आलं. मी ओरडले, "थांबा!"

काकांनी करकचून ब्रेक मारला. "काय झालं? कुणाची राहिली?"

"माझी."